मेलेला तवा आणि जिवंत आजोबा

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला शिकतो. दिवाळीत घरी येताना त्याने आजोबांसाठी पावलं मोजणारं घड्याळ आणलं. माझ्या सासऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हाई म्हैसना पायले बांधी दे. मन्हापेक्षा ती जास्ती चालस." मुलगा हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणाला, "आजोबा कसले डेडपॅन आहेत!" सासऱ्यांना त्यातलं 'डेड' तेवढं ऐकू आलं. "कोन मरनं रे?" म्हणून विचारलं. सासूबाईंनी मात्र मनाला लावून घेतलं, सणासुदीला असलं अभद्र बोलू नये म्हणाल्या. मला दोनच पॅन माहीत, एक नॉनस्टिक आणि एक इन्कमटॅक्सचं. हा शब्द कौतुकाचा की निंदेचा? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : कौतुकाचा, ताई. सासूबाईंना आधी तेवढं सांगून या, बाकीचं मग वाचा.

अमेरिकेतल्या बोलीभाषेत 'पॅन' म्हणजे तोंड, चेहरा. आपण रागात थोबाड म्हणतो ना, त्याच जातीचा शब्द. 'डेड' म्हणजे इथे हालचाल नसलेला. १९२० च्या दशकात तिकडच्या नाटक-सिनेमाच्या लोकांनी हा जोडशब्द रूढ केला. विनोद करायचा, पण आपण विनोद करतोय याचा चेहऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ती ही तऱ्हा.

त्या काळातला यातला उस्ताद म्हणजे मूकपटांतला बस्टर कीटन. जन्म १८९५ चा. आईबाप रंगमंचावर खेळ करायचे आणि बाप या पोराला अक्षरशः उचलून फेकायचा. उचलायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असे. पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे त्या पोराच्या लहानपणीच ध्यानात आलं. मग तो पडद्यावर जन्मभर हसलाच नाही म्हणा ना! १९२८ च्या एका मूकपटात अख्ख्या घराची दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. माडीची उघडी खिडकी नेमकी तो उभा असतो तिथे येते, म्हणून वाचतो. चेहरा असा, की जणू बसस्टँडवर चोपड्याची गाडी लागायची वाट बघतोय.

आता मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशवाले 'निर्विकार' म्हणतील. पण निर्विकार संत असतात, तुमचे सासरे नाहीत. 'मख्ख' जवळचा आहे, पण त्यात एक घोळ आहे. मख्ख माणसाला विनोद कळलेलाच नसतो. डेडपॅन माणसाला तो सगळ्यांच्या आधी कळलेला असतो. मी अमळनेरला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात हा फरक सांगायची वेळ आली की खापराचं उदाहरण द्यायची. चुलीवर पालथं घातलेलं खापर वरून पाहिलं तर नुसतं मातीचं मडकं. ना जाळ, ना लाली. कोपरापर्यंत हातांवर फिरवून पसरलेला मांडा त्यावर पडला, की मग समजतं आत काय चाललंय ते. पोरांना शब्द लगेच कळायचा, फक्त पुढचा तास भुकेत जायचा.

माझे मामा पारोळ्याकडचे. माझ्या मावसबहिणीचं जमवायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे काका तिसऱ्यांदा सांगू लागले, आमच्या पोराला विडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत, सुपारीचं खांडसुद्धा नाही. मामा मन लावून ऐकत होते. काळजीच्या सुरात म्हणाले, "मंग तो दिनभर करस काय?" ओसरीत चिडीचूप. मामांनी पाण्याचा तांब्या उचलला, वरून धार धरून सावकाश पाणी प्यायले. तोवर मुलाच्या आजोबांना ठसका लागला होता, आणि तो ठसका नव्हता. सोयरिक झाली. मामांना पुढे कधीही विचारलं की ते म्हणत, मी तर खरंच विचारलं होतं. ते खरं की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असा संशय मागे राहिला, की डेडपॅन जमलं म्हणायचं.

टोमणा वेगळा. टोमण्याला कोणाला तरी लागायचं असतं. डेडपॅन ही नुसती सांगायची ढब. त्यातून टोमणाही मारता येतो आणि म्हशीची तारीफही करता येते. पोकर फेस म्हणतात तो आणखी निराळा, तिथे पत्ते लपवायचे असतात, हसवायचं नसतं. इंग्रजीत हा शब्द विशेषण म्हणून चालतो, क्रियापद म्हणूनही. कथेत 'तो म्हणाला'च्या जागी 'ही डेडपॅन्ड' लिहितात. मराठीत मी 'चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाला' असं लिहीन. लांब आहे, पण आपलं आहे.

एक सावधगिरी. हे मोबाईलवर चालत नाही, कारण तिथे चेहराच नसतो. गेल्या मे महिन्यात मी नातेवाईकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'बिबड्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या, उतरवायला गेले तर भाजूनच मिळाल्या.' मुंबईच्या भाचीने विचारलं, किती वेळ लागला मावशी? आणि दुसऱ्या दिवशी तिने बाल्कनीत पापड ठेवल्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून मी तोंड वाकडं केलेलं ते पिवळं चित्र शेवटी टाकते. विनोद तिथेच मरतो, पण पापड वाचतात.

तर सासऱ्यांना सांगा, 'डेड' फक्त तोंडापुरतं आहे. यावर ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा. हसले, तर मात्र नातवाला शब्द परत घ्यावा लागेल.