आर्ट्स घेऊन पुढे काय? : एका वडिलांचा प्रश्न आणि मुलीची वही

बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "पोरगी हुशार आहे हो, पण आर्ट्स म्हणते." समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र यांपैकी काहीही मुलांनी मागितले तरी घरात ते सगळे ‘आर्ट्स’ या एकाच शब्दात कोंबले जाते, आणि मग बोलणे विषयाचे न राहता नोकरीचे, लग्नाचे आणि नातेवाइकांना काय सांगायचे याचे होऊन बसते. ही काळजी मी कधीही हसून उडवलेली नाही, कारण तिच्यामागे बहुतेक वेळा कोणाचा तरी सोसलेला अनुभव असतो. तो अनुभव कळेपर्यंत समुपदेशन जागचे हलत नाही, हे मला ज्या कुटुंबाकडून शिकायला मिळाले, त्याची ही हकिकत आहे. मुलीला इथे मुक्ता म्हणू. घरच्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, आता मांजलपूरला राहणारे. वडील मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जी.आय.डी.सी.) एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात, आई घरी शिकवण्या घेते. मुक्ता गुजरात बोर्डाची बारावी सायन्स, ए ग्रुप म्हणजे गणित घेऊन, ७६ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेली होती आणि गणितात तिला सर्वांत जास्त गुण होते. इंजिनिअरिंगला कुठे ना कुठे प्रवेश मिळणार हे नक्की होते. असे असताना मुलीने बी.ए.चे नाव काढले, म्हणून तिघेही माझ्यासमोर बसले होते.

पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. "मॅडम, दोन वर्षं सायन्सच्या क्लासची फी भरली, ती पाण्यात गेली असं समजायचं का? आणि हिला नेमकं काय करायचंय, ते तरी हिला कुठं ठाऊक आहे?" दुसरा प्रश्न मला रास्त वाटला. मी मुक्ताला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला मानसशास्त्र घ्यायचंय, कारण मला माणसांबद्दल कुतूहल आहे." माझ्याकडे कला शाखेसाठी येणाऱ्या मुलामुलींपैकी फार मोठा भाग हेच वाक्य उच्चारतो. त्यात खोटे काही नसते, परंतु माणसांबद्दलचे कुतूहल एका जातीचे नसते. एखाद्याच्या मनात काय चालले आहे हे जाणून घ्यावेसे वाटणे वेगळे, माणसे समूहाने अशी का वागतात हे शोधावेसे वाटणे वेगळे, आणि पैसा कोणाकडून कोणाकडे जातो याचा माग काढावासा वाटणे आणखी वेगळे. सतराव्या-अठराव्या वर्षी हा फरक विचार करून कळत नाही. तो काहीतरी करून पाहिल्यावरच कळतो.

म्हणून मी निर्णय पुढे ढकलला आणि मुक्ताला एक काम दिले. सहा दिवस, रोज सकाळी एक तास, खंडेराव मार्केटमध्ये जायचे, भाजी आणि फुले विकणाऱ्यांशी बोलायचे आणि वहीत लिहायचे. काय विचारायचे हे मी सांगितले नाही. आईने परतताना दारातच थांबून विचारले, "एकटीनं जायचं का?" मी म्हटले, तुम्ही भाजी घ्यायला सोबत जा, पण तिच्यापासून चार पावले लांब उभ्या राहा.

ते गेल्यावर मी नोंदणीचा अर्ज चाळला. वडिलांनी नाव, पत्ता, नोकरी, उत्पन्न सगळे भरले होते. ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यात आईपुढे बी.कॉम. होते आणि वडिलांची जागा कोरी होती.

आठ दिवसांनी मुक्ता आली ती गणिताची चौकटींची वही घेऊन. पहिल्या दिवसाच्या पानावर सात विक्रेत्यांची नावे आणि पुढे ‘महिन्याची कमाई’ असा रकाना होता. त्यातले चार रकाने रिकामे, दोन ठिकाणी ‘माहीत नाही’ आणि एका ठिकाणी एक आकडा लिहून खोडलेला. दुसऱ्या दिवशीच्या पानावर तो रकानाच नव्हता. त्याऐवजी तीन नवे होते: ‘आज पहाटे किती रुपयांचा माल घेतला’, ‘टेम्पोचे किती दिले’, ‘दुपारी किती उरतो’. आणि हे तिन्ही रकाने खालपर्यंत भरलेले होते.

मी विचारले, हे का बदलले? ती म्हणाली, "कमाई विचारली की ते माझ्याकडे बघायचेच बंद होतात. आणि खरं म्हणजे त्यांना महिन्याचं माहीतच नसतं, रोजचं माहीत असतं. पादरा गावाहून येणाऱ्या एका मासींनी सकाळी दिलेला एकेक रुपया सांगितला, पण महिन्याचं विचारल्यावर हसल्या."

हे ऐकताना मला झालेला आनंद मी लपवला नाही. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांचे सहकारी याच अडचणीशी झगडले होते. आपल्या देशात घरोघरी जाऊन उत्पन्न विचारले तर विश्वासार्ह उत्तर मिळणे फार कठीण, म्हणून त्या पाहणीने घरखर्च विचारण्याची वाट धरली आणि भारतातल्या गरिबीचे अंदाज अनेक दशके त्या खर्चाच्या आकड्यांवरच बांधले गेले. मुक्ताला यातले काही ठाऊक नव्हते. प्रश्न चुकला हे तिला एका सकाळीत कळले, दोष तिने उत्तर देणाऱ्यांना दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. सामाजिक शास्त्रांसाठी लागणारी वृत्ती कोणती असे मला कोणी विचारले, तर मी ही दोन पाने दाखवीन.

वहीच्या शेवटी तिने स्वतःहून एक प्रश्न लिहिला होता: पथारीवाल्यांना इथे बसायची परवानगी कोण देते? त्यावर आम्ही २०१४ चा पथविक्रेता कायदा काढून वाचला. दर पाच वर्षांतून किमान एकदा शहरातल्या सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, असे तो कायदा सांगतो. "म्हणजे मी जे केलं, ते खरंच कोणाचं तरी काम असतं?" असे तिने विचारले, तेव्हा तिचे वडील वही उलटून पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागले होते.

त्या भेटीत मानसशास्त्राचा प्रश्न आपोआप मागे पडला. वहीत एकाही माणसाच्या मनःस्थितीची नोंद नव्हती, व्यवहाराची आणि नात्यागोत्याची मात्र पाने भरली होती. तरीही मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मानसशास्त्र मागणाऱ्या प्रत्येक घराला सांगते: नुसत्या बी.ए.वर कोणी चिकित्सक होत नाही. रुग्णांवर उपचार करणारा नैदानिक मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. हे आधी कळले तर तो विषय जरूर घ्यावा. तिसऱ्या वर्षानंतर कळले तर मुले खचतात.

तिसऱ्या भेटीला वडील एकटे आले, कारखान्यातून थेट, गणवेशातच. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमच्या अर्जात मी माझं शिक्षण लिहिलं नव्हतं. मी बी.ए. आहे."

पुढे त्यांनी जे सांगितले ते मी थोडक्यात देते. वेळापत्रकात जे विषय बसले ते त्यांनी घेतले, परीक्षेआधी महिनाभर गाईड वाचून तिन्ही वर्षे पार केली आणि त्यानंतर चार वर्षे घरी काढली. लग्नकार्यात कोणी ‘काय करतोस’ म्हणून विचारले की ते मांडवाच्या मागे जाऊन उभे राहत. शेवटी एका ओळखीने कारखान्यात लागले, तेही दहावीच्या दाखल्यावर. "पदवीचा कागद मी कधी कोणाला दाखवलाच नाही. मुलीच्या नशिबी ते नको, एवढंच."

अशा वेळी ‘तुमचा काळ वेगळा होता’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. मी ते म्हटले नाही, कारण ते खरे नाही. आजही कोणी विषय न निवडता बी.ए.ला बसला, गाईड वाचून पास झाला आणि पुढचा टप्पा ठरवला नाही, तर त्याचे तेच होईल जे त्यांचे झाले. मी त्यांना तसे सरळ सांगितले आणि मग त्यांच्याच अनुभवाची उलटतपासणी आम्ही दोघांनी मिळून केली. तेव्हा विषय कोणी निवडला होता? आकडेवारी हाताळायला कोणी शिकवले होते का? एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावे असे कोणी सुचवले होते का? त्यांची तिन्ही उत्तरे एकाच शब्दाची होती. इंजिनिअरिंगची पदवी बाजारात आपली ओळख सोबत घेऊन जाते. सामाजिक शास्त्रांत ती ओळख पदवीनंतरच्या टप्प्यावर तयार होते. म्हणून इथे निर्णय तीन वर्षांचा नसतो, पाच वर्षांचा असतो, आणि घराने तो तेवढ्याच लांबीचा समजून घ्यावा लागतो. पालकांना मी सर्वांत आग्रहाने काही सांगत असेन तर हेच.

मग मी त्यांना विचारले, तुमच्या कारखान्यात एच.आर. कोण बघते? त्यांनी सांगितले, "आमचे साहेब इथल्याच युनिव्हर्सिटीचे, फतेगंजच्या सोशल वर्क फॅकल्टीचे." आणि स्वतःच थांबले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हापासून समाजकार्य आणि कामगार कल्याण शिकलेल्या माणसांना औद्योगिक शहरांत मागणी राहिली आहे. वीस वर्षे ज्यांच्या सहीने त्यांची रजा मंजूर होत होती, ते साहेब आर्ट्सच्याच शेजारच्या शिक्षणातून आलेले आहेत, हा संबंध त्यांनी त्या दिवसापर्यंत जोडला नव्हता.

बडोद्यात आर्ट्सबद्दलचा हा संशय मला अधिक टोचतो, हे इथे सांगितलेच पाहिजे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र हे विषय शिकले. १८८१ सालच्या बडोदा कॉलेजातून १९४९ मध्ये विद्यापीठ उभे राहिले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. १९५१ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि भारतीय खेड्यांचा तिथे राहून अभ्यास करणारी एक पिढी त्या परंपरेतून घडली. विद्यापीठाच्या ज्या घुमटासमोरून आपण रोज स्कूटरने जातो, तिथला हा वारसा आहे. अर्थात वारशाने कोणाला नोकरी लागत नाही, हेही मी वडिलांना म्हटले.

यानंतर पर्याय मांडणे सोपे झाले. सायन्सची दोन वर्षे पाण्यात गेली, ही समजूत आधी दूर करावी लागली. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्ससाठी बारावीचे गणित अनिवार्य आहे, आणि कोणत्याही चांगल्या संस्थेत एम.ए. अर्थशास्त्र करताना कलनशास्त्र (कॅल्क्युलस) व संख्याशास्त्र लागतेच. आर्ट्समधून आलेल्या अनेक मुलांना जे दार बंद असते, ते ए ग्रुपच्या गणिताने मुक्तासाठी उघडे होते. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. तिथे इंजिनिअर असून चालत नाही, ही गोष्ट वडिलांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

एका आत्याने लिबरल आर्ट्सच्या खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके पाठवली होती. पहिल्या वर्षी अनेक विषय चाखायचे आणि मग मुख्य विषय ठरवायचा, ही तिथली पद्धत मला मनापासून आवडते, विशेषतः ज्या मुलांचे अजून ठरलेले नाही त्यांच्यासाठी. परंतु तिथले शुल्क वर्षाला काही लाखांचे असते. शिष्यवृत्ती मिळण्याजोगी असेल तर अर्ज जरूर करावा, पण भविष्य निर्वाह निधी मोडून किंवा घर गहाण ठेवून बी.ए. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा लावायचाच असेल तर तो दुसऱ्या टप्प्यासाठी, एम.ए.साठी राखावा. मुक्ताचा विषय तर वहीने ठरवून टाकला होता, त्यामुळे हा पर्याय लवकर मिटला.

तिने आपल्याच विद्यापीठात समाजशास्त्र मुख्य आणि अर्थशास्त्र जोडविषय असा प्रवेश घेतला. इथे शिकवणे इंग्रजीतून होते, याची गुजराती माध्यमातून आलेल्या मुक्ताला धास्ती होती आणि पहिल्या सत्रात तिचे गुण त्यामुळे घसरलेही. ती दोनदा रडून गेली. रोज एक पान इंग्रजीत वाचायचे आणि त्याचा आशय मराठीत आईला सांगायचा, असा नेम आम्ही ठरवला. दुसऱ्या सत्रापासून फरक दिसू लागला. अर्धा फरक त्या नेमाचा आणि अर्धा आईचा असावा, कारण आई मध्येच प्रश्न विचारत असे.

आता ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) आणि चार वर्षांची १६० श्रेयांकांची आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के राहिले तर चौथ्या वर्षी संशोधन करता येते, आणि चार वर्षांची पदवी घेतली की पुढचे एम.ए. एका वर्षाचे होते. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून दुसऱ्या शहरात दोन वर्षांचे एम.ए. करायचे, की इथेच चौथे वर्ष पूर्ण करायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. तिचे गुण सध्या ७२ टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे उत्तर अजून तिच्या हातात आहे. त्यासाठी बाप-लेक दोघे पुढच्या महिन्यात येणार आहेत. भेटीची वेळ या खेपेला वडिलांनी स्वतः फोन करून घेतली आणि येताना ती भाजीबाजाराची वही आणू का, असे विचारले. ती त्यांच्या कपाटात आहे.