दिवसा बीपी ठीक असताना झोपेत का वाढतं? त्याचा किडनीशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वरचं बीपी दिवसा सरासरी 132 आणि झोपेत 136 आलं, आणि डॉक्टरांनी लगेच लघवीची तपासणी सांगितली. ती उद्याच करून घ्या. कळकळीने सांगतेय, कारण तीन वर्षांपूर्वी मीही असाच रिपोर्ट हातात घेऊन बसले होते.

माझ्या दंडाला 24 तास पट्टा बांधला होता. रात्री दर अर्ध्या तासाने तो करकचून फुगायचा. हात सरळ ठेवून पडून राहायचं, जरा डोळा लागला की पुन्हा तेच. दिवसाची सरासरी 134 आली, रात्रीची 131. मला वाटलं, कमीच झालंय की! डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागेच हिशेब करून दाखवला. झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरायला हवं, म्हणजे माझं 121च्या आत. तेवढं उतरत नाही त्याला नॉन-डिपर म्हणतात. तुमच्या वडिलांचं तर उलट चढलंय.

जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. किडनी कमजोर झाली की दिवसभरात ते उरकत नाही. राहिलेलं मीठ रात्री बाहेर काढायला दाब लागतो, म्हणून झोपेतही बीपी चढंच राहतं. मी रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे आणि म्हणायचे, वय झालं. वडील किती वेळा उठतात, विचारून बघा.

आणि तोच दाब किडनीतल्या गाळण्यांवर, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छांवर, रात्रभर पडत राहतो. त्या झिजतात, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागतं. 2002 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी टाइप 1 मधुमेहाच्या तरुण रुग्णांमध्ये पाहिलं की आधी झोपेतलं बीपी वाढलं, अल्ब्युमिन नंतर दिसू लागलं.

नुसत्या क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीसाठी नेहमी करतात त्या रक्ततपासणीवर, समाधान मानू नका. माझं 0.9 होतं, अगदी नॉर्मल. पण लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण 86 निघालं. ते 30च्या आत हवं. जास्त आलं तर पुन्हा तपासतात, कारण ताप किंवा लघवीच्या इन्फेक्शननेही ते वाढतं. वडील मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत बीपी न उतरण्याचं ते मोठं कारण आहे.

गोळी मनाने रात्रीवर नेऊ नका. ब्रिटनमध्ये 21 हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, 2022मध्ये निष्कर्ष आला: सकाळी घ्या की रात्री, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडला नाही. माझी औषधं डॉक्टरांनी बदलली. माझ्या हातात होतं ते मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, लोणचं-पापड धरून. सोडियम कमी असलेलं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी अधू असेल तर ते रक्तात साठतं. गुडघेदुखीच्या गोळ्याही मनाने नकोत.

आठ महिन्यांनी मी पुन्हा पट्टा बांधला. दिवसा 126, रात्री 115. पूर्ण 10 टक्के अजून नाही, पण आता रात्री एकदाच उठते.