महागड्या हेडफोनसाठी अपग्रेड केबल कशी निवडावी?

सेनहायझर एचडी ६५० ला चांदीची केबल लावल्यास आवाज सुधारेल का आणि केबल निवडताना काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की केबल जरूर बदलावी, पण ती लांबी, प्लग आणि वापरातील सोय यांसाठी; आवाज पालटेल या आशेने त्यावर खर्च करू नये.

केबलचा आवाजावर परिणाम व्हायचाच तर तो मुख्यतः तिच्या विद्युतरोधामुळे होतो. २६ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.१३ ओहम असतो, म्हणजे दीड मीटरच्या केबलमध्ये जाणारी आणि परतणारी तार मिळून ०.४ ओहम. तुमच्या हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, ३०० ओहम असल्यामुळे एवढ्याशा रोधाने पातळी जेमतेम ०.०१ डेसिबलने घटते आणि ती कोणाच्याही कानाला कळत नाही. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच अधिक सुवाहक आहे. तेवढा लाभ तांब्याची किंचित जाड तार घेतली तरी मिळतो. अनेक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे भाग) असलेल्या काही इन-इअर मॉनिटरांची, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनांची, गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचा इम्पीडन्स काही कंप्रतांना अगदी थोड्या ओहमांपर्यंत उतरतो आणि तिथे केबलच्या रोधाने स्वरांचा समतोल खरोखर बदलू शकतो.

तरीही केबल बदलल्यावर फरक जाणवल्याचे अनेक जण मनापासून सांगतात. पुष्कळदा त्याच वेळी ते अँप्लिफायरच्या साध्या आउटपुटवरून बॅलन्स्ड आउटपुटवर (ज्यात प्रत्येक कानासाठी धन आणि ऋण अशा दोन स्वतंत्र तारा असतात) गेलेले असतात, जिथे व्होल्टेज बहुधा दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त मिळते, आणि मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक स्पष्ट व भरदार वाटतो. हे श्रेय अँप्लिफायरचे आहे. तुलना करायचीच असेल तर एकच टेस्ट टोन लावून दोन्ही वेळचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे, आवाजाची पातळी तंतोतंत जुळवावी आणि मगच ऐकावे.

प्लगची निवड मात्र फार विचारपूर्वक करावी. पुढेमागे बॅलन्स्ड अँप्लिफायर घेण्याचा विचार असेल, तर चार पिनांच्या एक्सएलआर किंवा ४.४ मिमी प्लगची केबल घेऊन साध्या आउटपुटसाठी ६.३५ मिमीचा अडॅप्टर जोडावा. याच्या उलट, साध्या प्लगची केबल अडॅप्टर लावून बॅलन्स्ड आउटपुटमध्ये कधीही घालू नये, कारण साध्या प्लगमध्ये डाव्या-उजव्या बाजूंच्या ऋण तारा एकत्र जोडलेल्या असतात. त्यामुळे अँप्लिफायरची दोन आउटपुट एकमेकांना भिडून शॉर्ट होतात आणि तो जळू शकतो.

हेडफोनकडच्या टोकाला तुमच्या मॉडेलमध्ये एक जाड व एक बारीक अशा दोन पिनांचा कनेक्टर आहे. तो सेनहायझरच्याच एचडी ८०० ला चालत नाही, आणि ऑडीझी कंपनीच्या एलसीडी मालिकेतील हेडफोनांना तर चार पिनांचा मिनी एक्सएलआर लागतो. केबल हाती येताच कोणती तार कोणत्या पिनेला जाते हे मल्टिमीटरने तपासावे. मी तपासलेल्या एका केबलमध्ये डाव्या बाजूच्या दोन तारा उलट जोडलेल्या होत्या: मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज डोक्याभोवती विखुरल्यासारखा ऐकू येत होता. मीटर नसेल तर मोनो रेकॉर्डिंग लावून आवाज नेमका मध्यभागी येतो का, ते पाहावे.

यानंतर हाताळणीचा विचार. कापडी आवरणाची जाड, विणलेली केबल देखणी असते, पण ती कॉलरला घासली की खरखर थेट कानात उतरते आणि तिचे सारे वजन त्या दोन छोट्या सॉकेटांवर लोंबकळत राहते. मी स्वतः हलकी, चटकन वळणारी आणि गुंडाळी सोडल्यावर सरळ पडणारी केबल पसंत करतो. मूळ केबल तीन मीटर लांब असते. टेबलापाशी बसून ऐकणाऱ्याला दीड-दोन मीटर पुरते.

मूळ केबल शाबूत असेल आणि तिची लांबी अडचणीची नसेल, तर आधी इअरपॅड दाबून पाहावेत. ते चपटे झाले असतील तर नवे बसवावेत, कारण ड्रायव्हर आणि कान यांच्यातील अंतर बदलल्याने होणारा फरक मोजताही येतो आणि ऐकूही येतो.