काका, हेलिओस घेऊ का?

प्रिय मित्रा,

फोटो मिळाला. जुन्या बाजारातली ताडपत्री, गंजके पाने, बंद पडलेली घड्याळं आणि त्यांच्यात मधोमध ऐटीत बसलेली हेलिओस ४४-२, कॅमेऱ्याची जुनी लेन्स. विकणारा म्हणाला, 'रशियन माल आहे, दुर्मीळ.' तू बुधवारपर्यंत ठेवायला सांगून आलास आणि आता मला विचारतोयस, घेऊ का.

दुर्मीळ हा शब्द आधी कानाआड कर. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स लाखोंनी निघाली. मूळ रचना जर्मनीच्या कार्ल झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची, ५८ मिमी, एफ २ (म्हणजे प्रकाशाचं छिद्र बरंच मोठं उघडतं). दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांत पोचली आणि तिथे वर्षानुवर्षं बनत राहिली. बहुतेक नगांवर नंबराचे पहिले दोन आकडे हे सालाचे असतात, ते बघ. भाव करायला नाही, पण आपल्या हातातली वस्तू आपल्यापेक्षा किती मोठी आहे हे कळलेलं बरं.

आता तू ती कशासाठी घेतोयस ते मला माहीत आहे. मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, तो भोवरा. पण तो भोवरा चित्राच्या कडांना असतो. कडेकडे जाताना प्रकाशाचे गोल ठिपके चपटे, मांजरीच्या डोळ्यासारखे होतात, म्हणून पार्श्वभूमी फिरते. तुझ्या सोनी कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) लहान, तो नेमक्या कडाच कापून टाकतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजणार, ते तुला अर्धंमुर्धंच मिळेल. उलट लहान सेन्सरमुळे ५८ ची लेन्स तुझ्याकडे ८७ सारखी, म्हणजे जरा जवळचं दाखवणारी, वागेल, चेहरे टिपायला सुरेख. चेहऱ्यांसाठी हवी असेल तर घे. भोवऱ्यासाठीच हवी असेल तर पैसे साठव आणि आधी कॅमेरा बदल. इंटरनेटने या लेन्सला जरा जास्तच डोक्यावर घेतलंय, असं माझं मत. भांडायचं असेल तर चहाला ये.

घ्यायची ठरलीच तर टॉर्च घेऊन जा. मोबाइलचा चालेल. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघड, मागून तिरपा प्रकाश टाक आणि पुढून बघ. धूळ दिसेलच, तिच्याकडे दुर्लक्ष कर. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ नसेल तर मलाच संशय येईल. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही फारसा नडत नाही, मागच्या काचेवरचा मात्र नडतो. शोधायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी, बारीक फांद्या फुटलेलं. ती बुरशी. साफ करता येते, पण काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचा. दुधाळ धुरकटपणा दिसला तरी ठेवून दे. मग फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. जड चालेल, खरखर नको. छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर तेल असेल तर इतर लेन्सच्या बाबतीत मी नको म्हटलं असतं, कारण तिथे कॅमेरा पाती झटकन मिटवतो आणि तेलाने ती अडकतात. ४४-२ मध्ये दोन रिंगा असतात, पाती आपणच हाताने मिटवतो, त्यामुळे थोडं तेल चालून जातं.

अ‍ॅडॅप्टरचं (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारं कडं) तुझं नशीब चांगलं. माझ्याकडे तेव्हा निकॉन होता. एम ४२ चा (हा या लेन्सच्या आट्यांचा प्रकार) पातळ अ‍ॅडॅप्टर लावला, पहाटे पर्वती चढलो, खाली अख्खं पुणं पसरलेलं, आणि तीनेक मीटरच्या पलीकडे काही म्हणजे काही स्पष्ट होईना. लेन्स बिघडली म्हणून शिव्या घालत उतरलो. बिघडलेलं काहीच नव्हतं. एम ४२ लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला हवी आणि निकॉनचं तोंडच ४६.५ वर. एका मिलिमीटरने माझी पहाट खाल्ली. तुझ्या सोनीचं अंतर १८ मिलिमीटर, उरलेल्या साडेसत्तावीस मिलिमीटरची नळी लावली की झालं. मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू कर, नाहीतर कॅमेरा ढिम्म बसेल आणि तू रात्री अकराला मला फोन करशील.

पावसाळ्याबद्दल मात्र मला नीट सांगू दे, कारण तिथे मी मार खाल्लाय. तेव्हा आम्ही कसब्यात जुन्या वाड्यात राहायचो. तीन लेन्स होत्या, तिन्ही त्यांच्या मूळ चामडी डब्यांत, वर फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात, अगदी सोन्यासारख्या. जूनमध्ये ठेवल्या, गणपतीत काढल्या. दोन गेल्या होत्या. चामडं ओल धरून ठेवतं, कपाटात वारा नाही, उजेड नाही. बुरशीला याहून चांगलं घर मी बांधूनही देऊ शकलो नसतो. वाचली ती तिसरी, सगळ्यात स्वस्त, जी धाकटा भाऊ अधूनमधून न विचारता घेऊन जायचा.

तेव्हा चामडी डबा मिळालाच तर शोभेला ठेव, लेन्स त्यात नको. तुळशीबागेतून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आण, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टाक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहू दे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून वाळव, पण आईची कढई घेऊ नकोस. आणि लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढ.

बाहेर म्हणजे कुठे, तर तांबट आळीत जा. ठोके घालणारा माणूस मान वर करत नाही, त्यामुळे फोकस लावायला तुला वेळ मिळेल. चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस लाव. एफ २ वर स्पष्ट दिसणारा भाग अगदी पातळ असतो, नाकावर फोकस लागला तर डोळा गेलाच. आधी एफ ४ वर, म्हणजे छिद्र लहान करून, सराव कर. सूर्य समोर घेतलास तर चित्र धुवट होईल, जुन्या लेपांचा स्वभावच तो, कधी हवासा वाटतो, कधी नाही. हूड (लेन्सपुढचं सावलीचं कडं) लाव किंवा तळहात आडवा धर. किती अ‍ॅपर्चर होतं ते कॅमेरा लिहून ठेवणार नाही, वहीत टिपत जा.

बुधवारी सकाळी मी मोकळा आहे. टॉर्च मी आणतो. भाव तू कर. मला भाव करताना बघून विकणारे हसतात.

तुझा,
काका