जुन्नर मोठे का होते आणि मागे का पडले?

प्रश्न : नाणेघाट चढून आम्ही जुन्नरला गेलो. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे तेथे सांगितले जाते. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत, असेही ऐकले. आज तालुक्याचे साधे गाव असलेल्या या ठिकाणी लेणी खोदण्याइतका पैसा कोठून आला, आणि पुढे ते मागे का पडले?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : आपण ज्या वाटेने जुन्नरला गेलात, त्याच वाटेने तो पैसाही आला. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर न्यायचा, तर मध्ये सह्याद्रीचा कडा येतो. नाणेघाट ही तो कडा ओलांडणारी जुनी वाट असून, माथ्यावर पोहोचलेल्या तांड्याला पुढे कुकडी नदीचे सपाट खोरे मिळते. जुन्नर याच खोऱ्यात, घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस मागे पडून कोरडवाहू मुलूख सुरू होतो त्या भागात वसले आहे. दमलेल्या बैलांना चारापाणी देण्यास आणि पैठणकडे जाणाऱ्या मालाचे सौदे करण्यास ही जागा सोयीची होती. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले याच टापूत उभे आहेत, आणि त्यांतला जीवधन तर थेट नाणेघाटाला लागून आहे.

प्राचीन काळी दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांना या वाटेचे मोल ठाऊक होते. नाणेघाटातील लेण्यात त्यांच्या राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे भंगले असले, तरी त्यांच्या वर कोरलेली नावे आजही वाचता येतात. तेथील नागणिका राणीच्या ब्राह्मी लेखात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नावाच्या नाण्यांची दाने नोंदलेली आहेत, आणि दानांच्या आकड्यांमुळे अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला मोठे स्थान आहे. रांजणाविषयीची कथा घाटाच्या व्यापारी स्वरूपाला शोभणारी आहे, परंतु त्या लेखाचा तिला आधार मिळत नाही, तेव्हा ती परंपरा म्हणूनच ऐकावी.

लेण्यांचा खर्च केवळ राजांनी केला, असे मात्र समजू नये. लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनामंदिर, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले, असे तेथील लेखच सांगतो, म्हणजे आपल्याच गावच्या माणसाने येथे पैसा ओतला होता. यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे येथे सापडतात. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याचे उल्लेखही आहेत, आणि जुन्नरच्या बाजारपेठेची पत दाखवणारा याहून चांगला पुरावा मला तरी दिसत नाही. मानमोडीच्या डोंगरात शक राजा महाक्षत्रप नहपान याचा अमात्य (मंत्री) अयम याचा दानलेख आहे. म्हणजे या पेठेवर सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्यांनीही काही काळ ताबा मिळवला होता.

मध्ययुगातही गावाचा दबदबा टिकला. १४९०मध्ये स्वतंत्र झालेल्या, निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा कारभार अहमदनगर वसण्यापूर्वी जुन्नरहून चाले. १६३०मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि १६५७मध्ये त्यांनीच मोगलांच्या ताब्यातील जुन्नरची पेठ लुटली. जुन्नरी कागदही पुढे दीर्घकाळ नावाजलेला होता.

उतरणीचे मुख्य कारण राजकीय नसून वाटांचे आहे. पुणे सत्तेचे केंद्र झाल्यावर कोकणाशी संबंध ठेवण्यास बोरघाट जवळचा ठरला. १८३०मध्ये त्यातून गाडीरस्ता झाला आणि १८६३मध्ये रेल्वे आली. नाणेघाट अरुंद आणि पायऱ्यांचा असल्याने त्यावर चाके चढणे शक्य नव्हते. पुढे कल्याणहून नगरकडे जाणारा मोटाररस्ताही माळशेज घाटातून ओतूरमार्गे गेला, तर पुणे–नाशिक रस्ता पूर्वेकडील नारायणगावातून. हे दोन्ही रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात आणि जुन्नर दोहोंपासून बाजूला राहते. त्यामुळे कचेऱ्या जुन्नरला असल्या, तरी माणिकडोह, येडगाव यांसारख्या धरणांच्या पाण्यावर तालुक्यात पिकणाऱ्या टोमॅटोची मोठी उलाढाल नारायणगावच्या बाजारात होते.