बिग बँगवाल्या फादरना वादात ओढू नकोस

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. हॉस्टेलवर रूममेट चिडवतात, की फिजिक्स शिकायचं आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) पण जायचं, हे कसं काय, आणि तुला आता माझ्याकडून पॉइंट्स हवेत, त्यांची तोंडं बंद करायला. सोबत तो फॉरवर्ड, बिग बँग थिअरी (विश्वाला एक सुरुवात होती आणि तेव्हापासून ते पसरतंय) एका कॅथलिक फादरनी मांडली म्हणजे बायबलमधली निर्मिती विज्ञानाने सिद्ध झाली, खाली हात जोडलेले तीन इमोजी. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा वाचून त्या फादरनीच कपाळाला हात लावला असता, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये.

ते फादर म्हणजे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, 1923 मध्ये फादर झाले, मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे, तिथून अमेरिकेत, आणि परत येऊन लुव्हेनला प्रोफेसर. 1927 साली त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय, आणि दीर्घिका (गॅलेक्सी) किती वेगाने लांब जातायत त्याचा आकडासुद्धा काढला, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या दोन वर्षं आधी. पण पेपर फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या एका जर्नलमध्ये, कोण वाचणार. त्याच वर्षी ब्रसेल्सला आइन्स्टाइन भेटले तर म्हणाले गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर आहे. गंमत म्हणजे 1931 मध्ये त्या पेपरचं इंग्रजी भाषांतर छापून आलं तेव्हा तो आकड्याचा भाग गायब. बरीच वर्षं लोकांना वाटायचं कोणीतरी मुद्दाम कापला, आणि 2011 मध्ये जुन्या पत्रांवरून कळलं की भाषांतर लमेत्रनी स्वतःच केलेलं आणि तो भाग त्यांनीच गाळला, तोवर हबलचे जास्त चांगले आकडे आले होते ना, मग आपले जुने कशाला परत छापायचे. क्रेडिट मिळायला 2018 उजाडलं, दीर्घिका जितकी लांब तितकी जास्त वेगाने दूर जाते, त्या नियमाला आता हबल-लमेत्र नियम म्हणतात. मला हा माणूस आवडतो तो या गाळण्यामुळे, खरं सांगतो.

आता मुद्द्याचं. 22 नोव्हेंबर 1951 ला पोप बारावे पायस रोममध्ये शास्त्रज्ञांसमोर बोलले, आणि बोलता बोलता असं सुचवलं की आजचं विज्ञान बायबलमधल्या निर्मितीच्या 'प्रकाश होवो' त्या क्षणाची साक्ष देतंय. म्हणजे तुझा फॉरवर्डच, फक्त पोपच्या तोंडून. लमेत्रना ते अजिबात पटलं नाही. एक तर थिअरी अजून कच्ची होती, आणि मुख्य म्हणजे ते आधीपासून सांगत होते की माझ्या थिअरीचा धर्माच्या प्रश्नाशी संबंध नाही, नास्तिकाने ती खुशाल मानावी आणि आस्तिकानेही. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर ओ'कॉनेल यांच्यासोबत त्यांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोचवलं, आणि सप्टेंबर 1952 मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले तेव्हा पोपनी भाषणात तो धागा परत काढला नाही. एक फादर पोपना सांगतोय की माझं विज्ञान देवाचा पुरावा म्हणून वापरू नका! तुझ्या रूममेटला सांगायचंच असेल तर हे सांग.

मी पण तुझ्यासारखंच केलंय. एमएस्सीला असताना आमच्या वसईत, चर्चच्या हॉलमध्ये युवकांसमोर अर्धा तास ठोकलं, बिग बँग आणि बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय, दोन्ही कसे सेम टू सेम. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या प्रोफेसरांना फुशारकीने सांगितलं, ते नारळीकरांचे भक्त, म्हणजे स्थिर विश्ववाले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइल आणि आपले कोल्हापूरचे नारळीकर, विश्वाला सुरुवातच नाही असं म्हणणारी ती शाळा, आणि बिग बँग हे नावसुद्धा हॉइलनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर दिलेलं. सर शांतपणे म्हणाले, उद्या आमचं मॉडेल जिंकलं तर तू मिस्सा बंद करणार का? मला उत्तर आलं नाही. त्यांचं मॉडेल जिंकलं नाही ते सोड, 1965 मध्ये सापडलेल्या, आकाशात सगळीकडून येणाऱ्या, बिग बँगच्या उरलेल्या उष्णतेच्या मायक्रोवेव्ह किरणांनी तो निकाल जवळजवळ लागलाच होता, पण प्रश्न बरोबर होता आणि अजून आहे. थिअरी बदलत राहणार, ते तिचं कामच आहे. तिच्या खुंटीला देव टांगलास तर खुंटी हलली की तू पण हलणार.

आणि रूममेट गॅलिलिओ काढणारच. काढू दे. तिथे वकिली करू नकोस प्लीज, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती वगैरे. 1633 मध्ये चर्चने एका म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून त्याला खरं वाटत होतं ते, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे, नाकारायला लावलं आणि 1642 ला मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. चूक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये जाहीर कबूल केलं, म्हणजे साडेतीनशे वर्षांनी. (आपल्या मराठीतलं ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारं काव्य, ज्या 1616 साली छापलं त्याच वर्षी रोममध्ये, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी आली, हे मला कळलं तेव्हा कसंतरीच झालं.) उत्क्रांतीचं मात्र टेन्शन घेऊ नकोस, ती निव्वळ कल्पना नाही, त्याहून जास्त आहे असं 1996 मध्ये त्याच पोपनी सांगितलंय, आपल्याकडे तो वाद नाहीच.

तू विचारलंस मग दोन्हीचा संबंध काय, काहीच नाही का. माझ्यापुरतं सांगतो. मुंबईच्या झेव्हियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, कधी गेलास तर बघ, हजारो वाळवलेल्या वनस्पती. ते ज्यांच्या नावाने आहे ते फादर ब्लॅटर, नंतरचे फादर सांतापाव, दोघं जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे. सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं झाडं गोळा करत हिंडले. पानाच्या शिरा बघताना ते देवाचा पुरावा शोधत होते असं मला वाटत नाही, ते शिरा बघत होते, नीट, खोटं न लिहिता. संबंध असेल तर तिथे कुठेतरी आहे.

तर पॉइंट्स नाही देत. आधी सेमिस्टरचं जनरल रिलेटिव्हिटी नीट कर, टेन्सरमध्ये तू अडकतोस ते मला माहितीये. नाताळला घरी येशीलच. मध्यरात्रीची मिस्सा सुटली की सरळ आमच्या गच्चीवर ये, तेव्हा मृग नक्षत्र वरच असतं, टेलिस्कोप काढून ठेवतो, आणि त्या रूममेटलाही आण. डास फार आहेत, फुल बाह्यांचं घालून या.

सर