मोटारीच्या पोटाखालची खडखड

प्रश्न : आमच्या सात वर्षे वापरलेल्या पेट्रोल मोटारीच्या खालून महिनाभर पत्रा थरथरल्यासारखी खडखड ऐकू येते. भर पावसात ताम्हिणी घाटातून पुण्याला जाऊन आल्यावर ती सुरू झाली. सिग्नलला गाडी उभी असताना आवाज येतो, वेग घेतला की थांबतो. गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही लिंक रॉड (चाकांच्या सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे) बदलले, तरी फरक नाही. आता लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलायला सांगतात. बदलावेत का?
— एक वाचक, माणगाव

उत्तर : तूर्त बदलू नका. गाडी उभी असताना आवाज येतो, हे तुम्हीच लिहिले आहे आणि निदानाचे निम्मे काम तिथेच झाले आहे. लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) झिजले, तर चाक खड्ड्यात आदळताना अथवा गतिरोधक ओलांडताना ‘खट्’ असा आवाज येतो. चाक जागचे हलतच नसेल, तर या भागांनी खडखडण्याचे कारण नाही. तुमचा आवाज इंजिनाच्या थरथरीशी जोडलेला दिसतो. खात्री करायची असेल, तर इंजिन गरम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून एसी चालू-बंद करा. त्याबरोबर इंजिनाचे फेरे किंचित बदलतात, आणि खडखडही बदलली, तर चाकांकडे पाहण्याची गरज उरत नाही.

अशा वेळी माझा पहिला संशय सायलेन्सरच्या नळीवर बसवलेल्या उष्णतारोधक पत्र्यावर जातो. हा पातळ पत्रा दोन-चार छोट्या बोल्टांवर तोललेला असतो. बोल्टाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले की पत्रा सैल होतो आणि इंजिन मंद चालताना नेमका थरथरतो. घाटातला पाण्याने भरलेला एखादा खड्डा त्याला निमित्त पुरला असेल. नळीला लटकवणारे रबरही त्याच वेळी पाहावे, कारण ते तुटल्यास नळी तळाला घासते.

तपासणी रॅम्पवरच करून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी क्षणभरासाठीही, जाऊ नये. इंजिन बंद करून सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावा, मग हातमोजा घालून पत्र्यावर मुठीने हलकेच ठोकत जावे. सैल जागी तीच ओळखीची खडखड ऐकू येते. तिथे मोठा वॉशर घालून बोल्ट आवळावा किंवा नळीभोवती पोलादी होज क्लिप (स्क्रूने आवळायची गोल पट्टी) बसवावी. खर्च किरकोळ येतो. काही कारागीर पत्राच काढून टाकतात, त्याला मात्र नकार द्या, कारण गाडीचा तळ, जवळच्या तारा आणि गाडीखालचे वाळके गवत यांना तो उष्णतेपासून वाचवतो.

काढलेले जुने लिंक रॉड परत मिळाले असतील, तर त्यांची टोके हाताने हलवून पाहा. ती घट्ट असतील आणि रबरी टोपणे शाबूत असतील, तर ते बदलण्याची बहुधा गरजच नव्हती.